शेवटचं कडवं

आषाढ जवळ आला की कल्याण-डोंबिवलीत प्रल्हाद शिंद्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो. रिक्षात, देवळाच्या मंडपात, सोसायटीच्या दिंडीत. ‘पाऊले चालती’ लागलं की पहिलं कडवं सगळे म्हणतात, दुसरं निम्मे म्हणतात. शेवटचं येण्याआधीच कोणीतरी गाणं बदलतं. श्रोतेहो, आजची मिनिटं त्या न ऐकलेल्या शेवटच्या कडव्यासाठी मागून घेतली आहेत.

त्या कडव्यात ‘दत्ता’ हे नाव येतं. घाईत ऐकणाऱ्याला ते देवाचं नाव वाटावं. पण ते गाणं लिहिणाऱ्याचं नाव आहे, दत्ता पाटील. अभंगाच्या रीतीप्रमाणे त्यांनी शेवटी आपली मुद्रा ठेवली. गाणं मधेच तोडलं, की लिहिणाऱ्याची सहीच तुटते.

प्रल्हाद शिंदे १९३३ साली जन्मले. घराणं मूळचं मंगळवेढ्याचं, आणि संसार फुलला तो कल्याणात. लहानपणी आई-वडिलांबरोबर भजन-कीर्तनात उभं राहायचं, पुढे इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरस धरायचा, असा त्यांच्या गळ्याचा प्रवास. इस्माईल आझाद म्हणजे १९५८ च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातली ती लुटीची कव्वाली गाणारे. चित्रपटाचं नाव विसरलेल्यांनाही ती कव्वाली आठवते, पण लिहिणारे शेवन रिझवी किती जणांच्या तोंडी आहेत? इथंही तीच गत.

आपल्याकडे ठाणे-कल्याणच्या घराघरांत पावसाळ्याआधी मसाला होतो. मिरच्या गच्चीवर वाळतात, धणे, बडीशेप, दगडफूल वेगवेगळं भाजलं जातं आणि मग डबा कांडपावर जातो. कांडपातून बाहेर आलेल्या मसाल्यातून मिरची वेगळी काढता येत नाही. प्रल्हाद शिंद्यांच्या गळ्याचं तसंच झालं. विठ्ठलाचं गाणं म्हणताना तान वर चढते, शब्दाला मागून धक्का बसतो, टाळी ठाशीव पडते. तो कव्वालीचा वास आहे. कव्वालीला उभे राहिले की उच्चारातला सोज्वळपणा कीर्तनातून आलेला असतो. म्हणूनच ‘तूच सुखकर्ता’ गणपतीत वाजतं, भीमजयंतीला त्यांची भीमगीतं वाजतात, आणि दोन्हीकडे आवाज आपल्याच घरातला वाटतो.

मसाला एकजीव झाला तरी घरची बाई विचारल्यावर सांगते, बेडगी इतकी, लवंगी इतकी, गरम मसाला अमक्या दुकानातला. दुकानातल्या पाकिटाला तर आत काय आहे ते छापावंच लागतं. मग गाण्याचीच पाकिटं कोरी का? ‘तूच सुखकर्ता’ हरेंद्र जाधवांनी लिहिलं, ही ओळ पाकिटावर हवी की नको?

नाव शेवटी ठेवण्याची रीत दोन्ही बाजूंनी आली आहे, हे पाहण्यासारखं आहे. अभंगात तुकोबा, नामदेव, जनाबाई शेवटच्या चरणात स्वतःला हाक मारतात. पेशवाईतले शाहीरही लावणीच्या शेवटी नाव घालत. आणि गझलेच्या अखेरच्या शेरात शायराचं टोपणनाव येतं, तीच गझल कव्वाल गातो. एकीकडून कीर्तन, दुसरीकडून कव्वाली. दोघांनीही शिकवलं की सही शेवटी करायची.

हे ज्यांनी आयुष्यभर पाळलं ते वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. स्वतः लिहायचं आणि स्वतःच गायचं. लहानपणी शाळा मिळाली नाही. मुंबईत आल्यावर मोठ्या वयात, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी अक्षरं पक्की केली. १९४३ च्या सुमारास हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर पहिलं गाणं रचलं. नंतर कित्येक दशकं पेटी आणि ढोलकीवाल्याला बरोबर घेऊन हा माणूस गावोगाव हिंडला. एसटी, बैलगाडी, पायी. मुक्काम वस्तीवर, जेवण वस्तीवर. आणि गाण्याच्या शेवटी ‘वामन’. छापखाना दूर होता, रेकॉर्ड कंपनी त्याहून दूर. शेवटचं कडवं हेच त्यांचं मुखपृष्ठ होतं. ते गाळलं तर उरणारं गाणं निनावी ठरतं.

वामनदादांचं सिन्नर नाशिककडे, शिंद्यांचं मंगळवेढं सोलापूरकडे. नाशिककडची गाडी कसाऱ्यावरून येते, सोलापूरकडची कर्जतवरून, आणि दोन्ही मार्ग कल्याणला मिळतात. कामासाठी आलेल्या माणसांबरोबर त्यांची गाणीही याच फलाटांवर उतरली. योगायोग असा की वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले आणि प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी २३ जूनला. ३९ दिवसांत दोन आवाज थांबले.

आता कात्री कुठं कुठं लागली ते पाहू. रात्रीच्या कार्यक्रमात एक गाणं अर्धा अर्धा तास चाले. मधे शेर, मधे कोरसची आवर्तनं, समोरच्या पार्टीला टोला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळत, तिथं कडवी कमी झाली. तरी तबकडीच्या गोल कागदावर गीत, संगीत, गायक अशी नावं छापलेली असत. कॅसेट आली तेव्हा गाण्याला जागा मिळाली, साठ मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला तीस मिनिटं. नावं मात्र आतल्या कागदावर गेली. नाक्यावरच्या दुकानात कोरी कॅसेट भरून घेतली की आवाज घरी यायचा, कागद दुकानातच राहायचा. मोबाईलवर आता तीस सेकंदांचा तुकडा फिरतो. त्यात शेवटचं कडवं येणार कसं?

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यापासून रात्री दहानंतर भोंगा बंद. आजारी माणसासाठी, परीक्षेच्या मुलांसाठी ते योग्यच आहे. पण त्यामुळे गाणारा घड्याळाकडे बघत गातो आणि कात्री पुन्हा शेवटावरच पडते. आयोजकांनी सत्कार थोडे कमी करावेत. हार पाच कमी, कडवं एक जास्त. एवढं रागावणं श्रोत्यांनी चालवून घ्यावं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकले तरी कृती आपली आहे असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार राहतो. वस्तीतला कवी कोर्टात जात नाही. त्याला निवेदकाने नाव घेतलेलं पुरतं. आकाशवाणीवर ‘आपली आवड’मध्ये फर्माईश पाठवणाऱ्यांच्या गावासकट नावांची यादी वाचली जाई आणि गीतकाराचंही नाव येई. हळदीच्या बेंजोवाल्यांना, मंडपातल्या माईकवाल्यांना हे जमण्यासारखं आहे. गाणं लावण्याआधी तीन नावं. त्याला दहा सेकंदही लागत नाहीत.

प्रल्हाद शिंदे, त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद, पुढे नातू आदर्श, अशा तीन पिढ्या या घराण्यात गायल्या, त्यांच्या गाण्यांच्या लेखकांबद्दल बोलायचं राहिलंच. आणि एक अडचण तर शेवटच्या कडव्यानेही सुटत नाही. लिहिणारा शब्दांत नाव गुंफतो, गाणाऱ्याला आवाज आहे. ‘पाऊले चालती’ची चाल बांधणाऱ्या मधुकर पाठकांनी आपली सही करायची कुठं? सुरांत नाव लिहिता येत नाही. त्यांच्यासाठी काय करता येईल, याचा एक मार्ग सुचतो तो असा, की वारीच्या दिवसांत प्रत्येक मंडळाने फलकावर गाण्यांची यादी लावताना… पण समोरचा लाल दिवा लागला आहे. ‘पाऊले चालती’ आता लावलं जाईल. ते शेवटपर्यंत ऐका, ‘दत्ता’ येईपर्यंत.