आठवीच्या पुढचा रस्ता
(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण कॉम्प्युटरच्या आधी पोरगी नववीत पोचली पाहिजे. म्हणून आज मी गावातल्या हायस्कूलबद्दल बोलणार आहे. हायस्कूल आपल्याकडे कसं आलं, कुणासाठी आलं आणि कुणापर्यंत अजून पोचलं नाही, एवढंच.

आपला जिल्हा एकेकाळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. १९०५ साली त्याचं यवतमाळ झालं. त्याआधीच्या वऱ्हाडात सरकारी हायस्कूल म्हटलं की अमरावती आणि अकोला. म्हणजे पुसद-उमरखेडच्या पोराला मॅट्रिक व्हायचं तर घर सोडायचं, शहरात राहायची-जेवायची सोय बघायची, फी भरायची. ज्याच्याकडे वावर होतं आणि शहरात नातलग होता, त्याचाच पोरगा शिकला. यात जात होती, पैसा होता, आणि अंतर तर होतंच.

अंतराचा हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नव्हता. इंग्लंडच्या खेड्यातही गरिबाचं मूल १४ वर्षांचं होईपर्यंत गावच्या प्राथमिक शाळेतच बसायचं आणि मग शेतावर जायचं. माध्यमिक शाळा शहरात, तीही फी घेणारी. केंब्रिजशायर परगण्याचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी १९२४ साली एक टिपण लिहिलं. त्यांचं म्हणणं असं होतं की आसपासच्या खेड्यांनी मिळून एक मोठी शाळा काढावी, आणि तिच्या इमारतीतच गावाचं वाचनालय, सभागृह, वर्कशॉप आणि मोठ्यांचे संध्याकाळचे वर्ग असावेत. १९३० साली सॉस्टन नावाच्या गावात अशी पहिली शाळा उघडली. दिवसा मुलं, रात्री त्यांचे आईबाप. पुढे १९४४ च्या कायद्याने तिथे सगळ्यांनाच माध्यमिक शिक्षण मोफत झालं.

त्याच १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील बोर्डिंग काढत होते. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी सुरू केली होती. बोर्डिंगात सगळ्या जाती-धर्मांची मुलं एका पंगतीत जेवत. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं: फी नाही, त्याबदल्यात शेतात काम करा आणि शिका. गांधीजींच्या हत्येनंतर अण्णांनी त्यांच्या नावाने १०१ हायस्कूलं काढायचा संकल्प केला, आणि ती खेड्यापाड्यांत काढायची होती. मला यातली दिशा महत्त्वाची वाटते. आधी मुलाला शाळेजवळ आणलं, मग शाळाच मुलाजवळ नेली.

आपल्या विदर्भात हे काम पंजाबराव देशमुखांनी केलं. १९२७ चं अमरावतीचं श्रद्धानंद छात्रालय, मग श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या विदर्भभरच्या शाळा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर गावोगाव हायस्कूलं उभी राहिली. रीत साधारण एकच: संस्था स्थानिक मंडळींची, जागा गावाची, शिक्षकांचा पगार सरकारचा. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांना फी माफ झाली. त्या एका निर्णयाने किती घरांत पहिला मॅट्रिक झाला असेल! मग २००१ नंतर ‘कायम विनाअनुदानित’ हा प्रकार आला. शिक्षकाने वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवायचं आणि वर आपण म्हणायचं की शाळेचा दर्जा घसरला.

आता आपल्या घरातलं बोलू. सच्चर समितीने २००६ साली सांगितलं की देशात ६ ते १४ वयाची चारपैकी एक मुस्लिम मुलं-मुली शाळेत कधी गेलेली नाहीत किंवा मधूनच सुटलेली आहेत. मदरशात जाणारी मुलं तीन-चार टक्केच निघाली. म्हणजे ‘यांना मदरसेच हवेत’ हा आरोप खोटा, आणि ‘आमची मुलं शिकतातच’ हे आपलं समाधानही खोटं.

खेड्यातली उर्दू जिल्हा परिषद शाळा सातवी-आठवीला संपते. मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदाही आठवीलाच थांबतो. उर्दू हायस्कूल तालुक्याला. एसटीचा पास मुलींना मोफत आहे, काही तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या गाड्याही आहेत. पण गाडी चुकली तर? वेचणीच्या दिवसांत आईसोबत वावरात जावं लागलं तर? मुलगा सायकल काढतो. मुलगी घरी बसते, आणि दोन वर्षांनी तिच्या निकाहची बोलणी सुरू होतात.

गावातच मराठी हायस्कूल आहे, वर्गात जागाही आहे. मग तिथे का घालत नाही, असं मी काही पालकांना विचारलं. धर्माचं कारण मला कमी ऐकू आलं. जास्त ऐकू आलं ते हे: ‘उसको समझताच नहीं.’ आणि ते खरं आहे. आठ वर्षं जिने ‘मुसल्लस’ आणि ‘रकबा’ म्हटलं, तिच्यासमोर नववीत एकदम ‘त्रिकोण’ आणि ‘क्षेत्रफळ’ येतं. गणित तिला येतं, शब्द येत नाहीत. शिक्षक समजतात पोरगी कच्ची आहे. तीही तेच समजू लागते.

हा प्रश्न सुटणारा आहे. गणित-विज्ञानाचे नेहमी लागणारे शब्द काही हजारो नाहीत. आठवीच्या परीक्षेनंतर उन्हाळ्यात दीड-दोन महिने, सकाळी सात ते नऊ, याच इमारतीत वर्ग घ्या. उर्दू शाळेचे एक शिक्षक आणि इथले एक शिक्षक मिळून. शब्दांची दुभाषी पुस्तिका मी आणि माझे मित्र करून देतो, छापूनही देतो. कॉम्प्युटर मात्र आत्ता मागू नका. मी अशा खोल्या पाहिल्या आहेत, जिथे दान आलेल्या मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर आहे, दाराला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

आणि त्या वर्गाला आयांनाही बसू द्या. सॉस्टनला गाव शाळेत आलं होतं, आपल्याकडे शाळेची घंटा झाली की फाटक लागतं. आई एकदा वर्गात बसली, बाईंना ओळखू लागली, की नववीचा फॉर्म भरताना घरात तिचं म्हणणं वेगळं असेल.

पालक-शिक्षक संघाची सभा पुढच्या महिन्यात आहे. इमारत उन्हाळ्यात वापरायला देण्याचा ठराव तिथेच करून घ्यावा लागेल, म्हणजे संस्थेला पत्र वेळेत जाईल. हेडमास्तर सरांशी मी सकाळी बोललो, त्यांची ना नाही. आज आठवीत असलेल्या मुलींची नावं उर्दू शाळेच्या सरांकडे आहेत. जाताना त्या यादीत आपल्या मुलीचं, भाचीचं, शेजारच्या घरातल्या पोरीचं नाव आहे का, तेवढं बघून जा.