कॅनडात काय पाहाल?

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

व्यासपीठावरील माझे गुरुजन, आणि समोर बसलेल्या, केस पिकले तरी मागच्या बाकावरच बसायचं न सोडलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला, 'कॅनडात पाहण्यासारखी ठिकाणं'. ग्रुपवर तुम्हीच विचारत असता, "ये, आम्ही आठ दिवस आलो तर पूर्ण कॅनडा होईल का?" म्हणून आज एकदाच सगळ्यांना उत्तर देते. नाही होणार.

भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर, कॅनडाचं जवळजवळ १०० लाख. आणि लोक किती? चार कोटींच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या महाराष्ट्राचे सव्वाअकरा कोटी होते. देशात सहा वेळा चालतात, म्हणजे एका टोकाला जेवणं आटोपतात तेव्हा दुसऱ्या टोकाला ऑफिस सुटलेलं नसतं. टोरांटोहून व्हँकूवरला रेल्वेने निघालात तर चार रात्री गाडीत. तेव्हा पहिली सूचना ही, की दोनच भाग निवडा आणि ते नीट बघा.

भूगोलाचे सर इथे बसलेत. सरांनी आपल्याकडून उत्तर अमेरिकेचा नकाशा काढून घेतला होता आणि मधल्या पट्ट्यात पिवळा रंग भरून लिहायला लावलं होतं, 'प्रेअरी, गव्हाचे कोठार'. माझा पिवळा खडू संपला म्हणून मी केशरी भरला आणि मार खाल्ला. सर, तो पट्टा मी पुढे गाडीने पार केला. ऑगस्टमध्ये तो खरोखर पिवळाच असतो.

आता ठिकाणं सांगते. नायगारा टोरांटोपासून दीड-दोन तासांवर आहे, ते सगळे बघतातच. मोठा धबधबा ५७ मीटर उंच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये माझे वडील आले होते. अण्णा दहा मिनिटं गप्प उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं पाणी वाया चाललंय, धरण कुठंय?" येलदरीचं पाणी कधी सुटतं याची वाट बघण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना दुसरं काय सुचणार? मी सांगितलं, रात्री यातलं बरंच पाणी वीज करायला वळवतात. तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

पूर्वेला जमलं तर न्यूफाउंडलंडला जा. तिथल्या सेंट जॉन्स गावच्या सिग्नल हिल टेकडीवर १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला पहिला बिनतारी संदेश ऐकला. मे-जूनमध्ये किनाऱ्यावरून हिमनग दिसतात. तिथली वेळही आपल्यासारखी अर्ध्या तासाची आहे, त्यामुळे तिथे मिनिटकाटा परभणीशी जुळतो. जवळच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात फंडीचा उपसागर आहे, जगातली सगळ्यात मोठी भरती-ओहोटी तिथली. सकाळी समुद्राच्या तळावर चालायचं आणि सहा तासांनी त्याच जागी होड्या बघायच्या. १६०८ साली वसलेलं, तटबंदीचं क्वेबेक शहर बघा. तिथे सगळे फ्रेंच बोलतात आणि भाषेचा अभिमान कसा जपायचा ते कळतं.

पश्चिमेला रॉकी पर्वत. बॅन्फ हे कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८८५ चं. तिथल्या लेक लुईसपासून जॅस्परपर्यंतचा २३२ किलोमीटरचा रस्ता मला देशातला सगळ्यात सुंदर वाटतो. वाटेत अथाबास्का हिमनदी लागते. बर्फ कोणत्या साली कुठपर्यंत होता, त्याच्या पाट्या पायवाटेवर लावल्यात. सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. आपण शाळेत होतो तेव्हा बर्फ जिथे होता, तिथे आज नुसते दगडगोटे आहेत. हे बघायचं असेल तर फार वेळ घालवू नका.

व्हँकूवरचं बंदर बघाल तेव्हा 'कोमागाता मारू' आठवा. १९१४ साली या जहाजातून ३७६ जण आले, बहुतेक पंजाबी. दोन महिने जहाज बंदरात उभं ठेवलं आणि जवळजवळ सगळ्यांना परत पाठवलं. त्याबद्दल कॅनडाच्या संसदेत माफी मागितली गेली ती २०१६ साली. आम्ही आज तिथे सुखाने नोकऱ्या करतो, त्याच्या आधी हे होऊन गेलेलं आहे.

पण मला खरं सांगायचंय ते एका अशा ठिकाणाबद्दल, जे पर्यटनाच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

कॅलगरीहून आम्ही गाडीने पूर्वेला निघालो. सस्कॅचेवान प्रांत लागला. डोंगर नाही, झाड नाही, नुसतं रान. अण्णा खिडकीला चिकटलेले. माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचे मामा रिजायनाच्या अलीकडे शेती करतात, त्यांच्याकडे मुक्काम होता. त्यांचे आजोबा युक्रेनहून आलेले. त्या काळी सरकार दहा डॉलर फी घेऊन १६० एकर द्यायचं. जमीन मूळची क्री आणि इतर आदिवासींची, हे मामांनी स्वतःच सांगितलं. आता तिथे सरासरी शेतच सतराशे एकरांच्या वर असतं. अण्णांचं सात एकर, कोरडवाहू.

शेतात काय होतं सांगू? मसूर. नजर पोचेल तिथपर्यंत मसूर, काढणी चाललेली. आपलं कृषी विद्यापीठ १९७२ चं. त्याच सुमारास तिकडे सस्कॅटूनच्या विद्यापीठात मसुरावर काम सुरू झालं आणि आज आपल्या मोंढ्यातल्या दुकानात तिकडचा मसूर येतो. अण्णा म्हणाले, "एवढ्या रानात येकच पीक? मग सहा महिने करतेत काय?" मी म्हटलं, बर्फ.

चहा झाला आणि मामांनी विषय काढला. २०१७ च्या डिसेंबरमध्ये आपल्या सरकारने मसुरावर ३० टक्के आयातशुल्क लावलं होतं. त्यांचा भाव पडला, माल कोठारात पडून. ते सौम्यपणे म्हणाले, पण त्यांना लागलेलं दिसत होतं. मी भाषांतर जरा गुळमुळीत केलं. अण्णांना लगेच कळलं. "नीट सांग माय, काय म्हनतेत ते."

मी नीट सांगितलं. मग अण्णांनी त्यांचं मांडलं. २०१७ ला तुरीचा भाव हमीभावाच्या खाली गेला होता, खरेदी केंद्रासमोर चार दिवस रांगेत ते पोत्यांवर झोपले होते. बाहेरून स्वस्त मसूर-वाटाणा आला की तूर कोण घेणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे जे शुल्क एकाला बुडवत होतं, ते दुसऱ्याला उशिरा का होईना हवं होतं. दोघं समोरासमोर, आणि मध्ये मी, जिने वीस वर्षांत डाळीचा भाव फक्त किराणा दुकानात बघितलेला. पोत्यांवर झोपल्याचं मलाही तेव्हाच पहिल्यांदा कळलं. फोनवर ते कधी बोललेच नव्हते.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मामा उठले, ट्रकमधून मूठभर मसूर आणला आणि अण्णांच्या हातावर ठेवला. दोघांनी एकेक दाणा दाताखाली धरला, वाळलाय का बघायला. दोघांनी मान हलवली. त्याला भाषांतर लागलं नाही.

रात्री अण्णा म्हणाले, "ह्याचं बी आपल्यावानीच हाय. एकर जास्त, पन भाव दुसराच ठरवतो." परत आल्यावर ते गावात नायगाराचं कमी आणि या शेताचंच जास्त सांगत राहिले.

आई त्या वेळी आली नाही. "म्हशीचं कोण बघंल? पुढच्या वर्षी येते," म्हणाली. पुढच्या वर्षी माझं घर बदलायचं होतं, मीच म्हटलं, त्याच्या पुढच्या वर्षी ये. मग २०२० उजाडलं. २०२१ च्या मे महिन्यात आई गेली आणि मी फोनवर बघत होते. याबद्दल जास्त बोलत नाही. एवढंच म्हणते, की आईवडिलांना किंवा स्वतःला कुठे न्यायचं असेल तर गुडघे चालतायत तोवर न्या.

तेव्हा व्यवहाराचं ऐका. यायचं ते मेअखेर ते सप्टेंबर. पानांचे रंग बघायचे तर सप्टेंबरची अखेर. व्हिसाचा अर्ज खूप आधी करा आणि प्रवासाचा आरोग्य विमा काढल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नका. तुमच्यापैकी ज्यांची मुलं तिकडे शिकायला जाऊ म्हणतायत, त्यांना वेगळं सांगते. रान विकून किंवा गहाण टाकून पाठवण्याआधी मला फोन करा. उन्हाळ्यातले फोटो बघून ठरवू नका. परभणीत पारा चार-पाचवर आला की पेपरात बातमी येते. प्रेअरीत उणे तीसची बातमी होत नाही, त्यात सकाळी बस गाठायची असते. पोरांना हे आधी माहीत असावं.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं आपल्याबद्दल म्हणतात. माझी तिकडे बनली असं लोक म्हणतात. पण तिकडच्या त्या शेतात माझ्या वडिलांनी जे बोलायचं धाडस केलं, ते परभणीनेच त्यांना दिलं होतं.

सर, नकाशात केशरी रंग भरल्याबद्दल आज सर्वांसमोर माफी मागते. शाळेने नकाशा शिकवला, म्हणून वाट सापडली. तुम्हा सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण. घर आपलंच आहे, या. येताना लोणचं, पापड, चटणी काहीही आणा, फक्त डाळ आणू नका. ती तिकडूनच इकडे येते!