बोन गावचे लाकडी विमान

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातले बोन हे गाव द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे विमाने जन्मली असतील, अशी शंकाही प्रवाशाला येत नाही. परंतु १९४६ साली याच गावी एदुआर जोली आणि त्यांचे जावई झाँ देलेमाँतेझ यांनी ग्लायडर बांधण्याचा व विमाने दुरुस्त करण्याचा लहानसा उद्योग काढला. दोघांच्या नावांचे आरंभ जुळवून त्याचे नाव पडले ‘जोदेल’.

महायुद्ध नुकतेच संपले होते. सामान दुर्मीळ, पैसा त्याहूनही दुर्मीळ. सासऱ्या-जावयांनी मिळेल त्या जुन्या सामानातून, केवळ हौसेखातर, एकट्या माणसापुरते विमान रचले. १९४८ च्या जानेवारीत जोलींनी ते उडविले. इंजिन अवघे पंचवीस अश्वशक्तीचे. नाव ‘बेबे’, म्हणजे तान्हे बाळ.

या बाळाचा पंख मात्र विलक्षण होता. मधला भाग अगदी सपाट, आणि दोन्ही टोकांकडचे भाग एकदम वर उचललेले. दिसायला हे रूप काहीसे चमत्कारिकच; पण त्यामागे सुताराचा व्यवहारी हिशेब होता. सपाट भागाची रुंदी सर्वत्र सारखी, म्हणून त्याच्या साऱ्या फासळ्या एकाच साच्यावर कापता येत. भार पेलायला पेटीसारखी एकच तुळई पुरे. विमान एका अंगास कलले, की वर उचललेली टोके ते सावरावयास साहाय्य करीत. वरून कापड ताणले की पंख सिद्ध! ज्याचा हात रंध्यावर बसला आहे, अशा कोणाही चिकाटीच्या माणसाने घरामागच्या पडवीत बांधावे, असे हे यंत्र.

सरकारला उड्डाणमंडळांसाठी दोन आसनांचे स्वस्त विमान हवे होते. ते १९५० साली उडाले. येथे दुसऱ्या कोणी मोठा कारखाना उभारला असता. या दोघांनी आराखडे व बांधणीचे परवाने विकणे पसंत केले. इस्वारच्या वासमेरसारख्या कंपन्यांनी आणि असंख्य हौशी मंडळींनी मिळून या कुळातील तीन हजारांवर विमाने बांधली.

१९५७ साली दिजाँजवळच्या दारुआ येथे पिएर रोबँ यांनी देलेमाँतेझांच्या साहाय्याने नवा कारखाना काढला. पुढे धातूचे युग आले. रोबँ यांनीही धातूची विमाने केली. परंतु १९७२ साली निघालेले त्यांचे चार आसनी ‘डीआर ४००’ हे लाकडीच राहिले, आणि तेच अधिक टिकले. लाकडाला ओल सोसत नाही, विमान छपराखाली ठेवावे लागते, हे खरे. पण धातूसारखा थकवा त्याला येत नाही. फ्रान्सच्या उड्डाणमंडळांतून आजही कित्येक विद्यार्थी याच विमानावर पहिले धडे गिरवितात, आणि त्याच्या पंखांची टोके ‘बेबे’प्रमाणेच वर उचललेली असतात.