महामारीच्या काळात बालकांचे संरक्षण



दमणगंगेच्या परिसरातील नरोली हे गाव गोमंतकीयांना अपरिचित नाही. जुलै १९५४ च्या अखेरीस ज्या स्वयंसेवकांनी हे गाव पोर्तुगीज अंमलातून मुक्त केले, त्यांत आझाद गोमंतक दलाचे तरुण होते. त्या काळचे हे खेडे पुढे कारखान्यांच्या वस्तीत आले. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती. तीत निम्म्याहून अधिक वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासी. आणि त्यांच्या शेजारी, पोटासाठी दूरच्या प्रांतांतून आलेली श्रमिकांची बिऱ्हाडे. अशा वस्तीवर महामारी कोसळली असता तेथील बालकांचे रक्षण कोणी व कसे करावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. कोरोनाचा विषाणू प्रौढांना जितका घातक ठरला तितका बालकांना ठरला नाही, ही गोष्ट खरी. परंतु बालकाचे आयुष्य ज्या आधारांवर उभे असते, ते आधारच त्या रोगाने हिरावून घेतले. गरिबाच्या मुलाला शाळा म्हणजे केवळ पाटी-पुस्तक नव्हे. ते दुपारचे जेवणही असते. अंगणवाडी म्हणजे पूरक आहार, वजनाची नोंद आणि लसीची आठवण. शिवाय मूल कोमेजले, अंगावर वळ दिसले, चार दिवस आले नाही, तर ‘काय झाले?’ असे विचारणारे शिक्षक तेथे असतात. दारे बंद झाली तेव्हा अन्नाबरोबर ही विचारपूसही थांबली. आदिवासी पाड्यावरील मुलाला निदान आजी किंवा मामा जवळ असतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय श्रमिकाच्या मुलाला आईबापांखेरीज कोणी नसते. मार्च २०२० ते एप्रिल २०२१ या १४ महिन्यांत जगभर १५ लाखांहून अधिक मुलांनी आई, वडील किंवा सांभाळ करणारे आजी-आजोबा गमावले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता.

हे संकट महाराष्ट्राला नवे नव्हते. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला असता दोन प्रकारची मदत एकाच शहराने पाहिली. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर रुग्णांची सोय केली होती. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोहोचविले. त्या सेवेतच त्यांना प्लेगची बाधा झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास रँडसाहेबाच्या अधिकाराखाली गोऱ्या शिपायांकडून घरांची झडती सुरू झाली. हेतू रोग आवरण्याचा होता. परंतु अनोळखी हात उंबरठा ओलांडून माणसे घेऊन जाऊ लागले, तेव्हा लोक आजारी माणसांना लपवू लागले. उपचार जवळ असूनही भीतीने दार बंद केले. या दोन चित्रांतून एक तत्त्व निघते: संकटातील बालकापर्यंत मदत पोहोचावयाची असेल, तर ती विश्वासाच्या हातांनीच पोहोचते.

कायदा व द्रव्य यांचे महत्त्व याने कमी होत नाही. कोरोनाने पोरके केलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये योजना जाहीर केली. तीत वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख रुपये देण्याची तरतूद होती. मात्र कागदपत्रे कोण जमविणार, आणि त्या वर्षापर्यंत मुलाच्या डोक्यावरून हात कोण फिरविणार, हे प्रश्न पैशाने सुटत नाहीत. त्याच काळात ‘पोरके मूल दत्तक घ्या’ असे संदेश दूरध्वनीवरून पसरले. अशी परस्पर देवघेव बेकायदेशीर आहे आणि कित्येकदा ती मुलांच्या व्यापाराची वाटही असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे निराधार सापडलेले बालक प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावयाचे असते. १०९८ हा क्रमांक त्यासाठीच आहे. सद्भाव असला तरी ही वाट चुकवू नये.

देवस्थानाच्या महाजन मंडळाजवळ एक गोष्ट सरकारी कचेरीपेक्षा अधिक असते; ती म्हणजे घराघरांची ओळख. ज्या मंडळाला पालखीच्या दिवशी कोणते कुटुंब आले नाही हे कळते, त्याला कोणत्या घरातील कर्ता गेला हेही कळू शकते. महाजनांच्या यादीबरोबर सेवेकरी, मजूर व शेजारच्या भाडेकरू कुटुंबांतील मुलांचीही नोंद शांततेच्या काळातच व्हावी. पोरके मूल शक्यतो आप्तांकडेच, भावंडांसह राहावे आणि त्या आप्तांना शिधा व फी यांची मदत वर्षानुवर्षे पोहोचावी. त्या घरातील मुलगी अल्पवयात उजविली जात नाही ना, मुलगा शाळा सोडून कारखान्याच्या फाटकाशी उभा राहत नाही ना, याकडे दोन जाणत्या व्यक्तींनी लक्ष ठेवावे. मदत देताना मुलाचे छायाचित्र काढून त्याच्या दैन्याचे प्रदर्शन मांडू नये.

महामारी ओसरते, वर्तमानपत्रे तिला विसरतात. पोरक्या मुलाचे बालपण मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चालूच असते. उत्सवासाठी पिढ्यान्‌पिढ्या न चुकता वर्गणी देणाऱ्या समाजाला सातत्य शिकवावे लागत नाही. ते सातत्य अशा एकेका मुलाच्या वाट्याला यावे, एवढीच या प्रसंगी अपेक्षा.