उष्णतेचें पांघरूण

पौषाच्या पहाटे पुष्कळ घरांत एक लहानसा प्रसंग घडतो. खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी तेल बाहेर येत नाहीं. तें गोठून पांढरें झालेलें असतें. जाणती गृहिणी ती बाटली विस्तवावर धरीत नाहीं. ऊन पाण्याच्या भांड्यांत ती ठेवून थोडी वाट पाहते. उष्णता बेताची असावी आणि चोहोंकडून यावी, हें तिला कोणी शिकवावें लागत नाहीं. कारखान्यांतून मात्र हा साधा धडा पुष्कळदां विसरला जातो.

वसई म्हटली कीं १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं जिंकलेला किल्ला, केळींच्या बागा आणि आगाशीचीं सुकेळीं डोळ्यांपुढें येतात. परंतु रेल्वेच्या पूर्वेस नवघर, गोखिवरें, वालीव, सातिवली या बाजूस एक निराळीच वसई उभी आहे. तेथील लहानमोठ्या गाळ्यांतून नाना प्रकारचा यंत्रमाल तयार होतो, आणि विजेचे हीटरही त्यांतलेच. या हीटरांपैकीं एक प्रकार पाहणाऱ्यास चकित करतो. तो ना सळईसारखा, ना शेगडीसारखा. हातांत घेतला तर जाड मेणकापडाचा तुकडाच वाटावा. गुंडाळावा तसा गुंडाळतो, वाकवावा तसा वाकतो.

याची रचना सोपी आहे. सिलिकोन रबराचे दोन थर. त्यांना बळकटी यावी म्हणून आंत काचतंतूंचें कापड. आणि दोहोंमध्यें नायक्रोमची बारीक तार नागमोडी पसरलेली. उष्णता व दाब देऊन हे सारें एकजीव केलें कीं सुमारें दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा तयार होतो. तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे तार तिला विरोध करते आणि त्या विरोधाची उष्णता होते. निकेल व क्रोमियम यांची ही मिश्रधातु तापली तरी लवकर गंजत नाहीं. अमेरिकेंत अल्बर्ट मार्श यांनीं १९०६ मध्यें तिचें पेटंट मिळविलें.

रबर तापलें कीं चिकट होतें, पुढें तडकतें, हा सर्वांचा अनुभव. मग हें रबर कसें टिकतें? साध्या रबराचा कणा कार्बनच्या साखळीचा असतो. सिलिकोनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या आळीपाळीनें जोडलेल्या कड्यांचा. हीच जोडी समुद्रकांठच्या वाळूंत आहे, आणि तिचा बंध अधिक भक्कम आहे. म्हणून हें रबर २०० अंश सेंटिग्रेडपर्यंतची उष्णता दीर्घकाळ सोसतें. इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें फ्रेडरिक किपिंग यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं या संयुगांना नांव दिलें. परंतु त्यांचा व्यवहारांत कांहीं उपयोग होईल असें त्यांना वाटलें नव्हतें. तो उपयोग १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकन रसायनज्ञांनीं सिद्ध केला.

आतां पुन्हां खोबरेल तेलाकडे वळावें. २०० लिटरच्या पिंपांत सुमारें १८० किलो तेल मावतें. तें गोठलेलें असतां नुसतें वितळविण्यास सुमारें पांच युनिट वीज लागते, आणि त्याचें तपमान वीस अंशांनीं वाढविण्यास आणखी दोन. एक हजार वॉटचा पट्टा पिंपाभोंवतीं आवळला तर या सात युनिटांस सात तास हवेत. वाऱ्यानें जाणारी उष्णता धरतां थोडे अधिक. सायंकाळीं पट्टा सुरू केला तर सकाळीं तेल वाहतें. घाई करणारा मनुष्य पिंपाखालीं जाळ करतो. गोठलेलें तेल उष्णता हळूहळू पसरवितें. म्हणून तळचें तेल करपतें आणि मधलें तसेंच घट्ट राहतें. तेलाच्या जागीं राळ किंवा रंग असला तर त्याच्या वाफा पेट घेतात. तेव्हां नुकसान मालापुरतें राहत नाहीं. जवळ उभा असलेला कामगार भाजतो.

तथापि पट्टा आणला म्हणजे काळजी संपली असें नाहीं. तो पृष्ठभागास सर्वत्र चिकटून बसला पाहिजे. मध्यें हवेची पोकळी राहिली तर तेथील उष्णता घेण्यास कोणी नसतें. तेवढीच जागा अति तापून जळते. पिंपांतील मालाची पातळी पट्ट्याच्या वर असावी. वाफेस वाट मिळावी म्हणून बूच सैल केलेलें असावें. तपमान ठराविक मर्यादेपलीकडे जातांच वीज तोडणारा थर्मोस्टॅट आणि जमिनीशीं जोडलेली अर्थिंगची तार यांत काटकसर नसावी. आणि ज्वालाग्राही द्रवांसाठीं साधा पट्टा कधींही वापरूं नये. त्यासाठीं खास बनावटीचींच साधनें लागतात.

करणाऱ्यावरही तितकाच भार आहे. तार पसरतांना दोन वळणें वाजवीपेक्षां जवळ आलीं, तर तो दोष वरून दिसत नाहीं. रबराखालीं झांकलेला राहतो आणि पुढें कोठल्या तरी परक्या कारखान्यांत जळून उघडा पडतो. वसईच्या गाळ्यांत तार पसरणारा कारागीर त्या दूरच्या कामगारास ओळखत नाहीं. परंतु त्याच्या दोन वळणांमधलें अंतर सारखें राहिलें, तर तो दुसरा मनुष्य सायंकाळीं धडधाकट घरीं परततो.