एपिसोड ४१ : टेस्ट घरच्या घरी, पण घरात आई आहे

(बोललो तसंच लिहिलंय. मधले वीसेक ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ काढलेत.)

आज हेडफोन लावा. खरंच लावा, हा एपिसोड स्पीकरवर ऐकायचा नाहीये.

लोकलच्या खिडकीतून भिंतीवरच्या जाहिराती वाचत आपण मोठे झालो. ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’, आणि खाली मोबाइल नंबर. लैंगिक आजारांबद्दल माझं शिक्षण बरीच वर्षं तेवढंच होतं, डोंबिवली ते दादर. मग गेल्या वर्षी एक रात्र अशी आली की कंडोम नव्हता आणि आम्ही दोघंही थांबलो नाही. डिटेल्स देत नाही. ती पण हा पॉडकास्ट ऐकते, आणि हे सगळं तिला विचारूनच सांगतोय.

दोन दिवस झोप नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर एचआयव्हीचं घरी करायचं किट मागवलं. पार्सल आईने घेतलं. “काय रे मागवलंस?” “चार्जर.” आमचं वन बीएचके आहे, त्यामुळे ‘घरच्या घरी’ याचा अर्थ बाथरूम. सकाळी पाणी जायच्या आत. किट बघून आधी कोव्हिड आठवला. पुण्याच्या मायलॅबचं कोव्हिसेल्फ २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी केलंय ना, तसंच. एक रेघ सी, एक रेघ टी. इथे नाकात काडी नाही, बोटाला टोचून रक्ताचा थेंब. बाहेरून आई, “किती वेळ?” आत मी बोट दाबत बसलोय आणि थेंब येत नाहीये. घाबरलं की हात गार पडतात, रक्त येत नाही. हात आधी कोमट पाण्याने धुवा, बोटाच्या टोकाला न टोचता बाजूला टोचा. हे मला नंतर कळलं.

एकच रेघ आली. निगेटिव्ह. मी खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले.

आणि त्या टेस्टला काही म्हणजे काही अर्थ नव्हता. तो दिवस सहावा होता. हे किट व्हायरस शोधत नाही, शरीराने व्हायरसविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडीज शोधतं. त्या बनायला वेळ लागतो, काहींना तीन आठवडे, काहींना तीन महिने. या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. लॅबमधली शिरेतल्या रक्ताची फोर्थ जनरेशन टेस्ट लवकर पकडते, साधारण १८ ते ४५ दिवसांत, पण सहाव्या दिवशी तीही नाही. म्हणजे माझी ती एक रेघ त्या रात्रीबद्दल बोलतच नव्हती. तिच्या कितीतरी आधीच्या माझ्याबद्दल बोलत होती.

त्या सहा दिवसांत खरं जे करायचं होतं ते मी केलंच नाही. ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे गेलं तर पेप नावाची औषधं सुरू करता येतात, २८ दिवस घ्यायची, एचआयव्ही होण्याचा धोका खूप कमी होतो. गरज आहे की नाही ते डॉक्टर ठरवतात. मी तो वेळ डिलिव्हरी ट्रॅक करण्यात घालवला.

आता उलटी बाजू. समजा दोन रेघा आल्या असत्या तर? गणित करू. भारतात मोठ्या माणसांत एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोन. समजा किट ९९ टक्के वेळा निरोगी माणसाला बरोबर निरोगी सांगतं. मग उरलेल्या ९९८ जणांत दहाएक जणांना उगाच दोन रेघा दिसणार. खरे दोन, खोटे दहा. किट याहून चांगलं असेल तर खोटे कमी, पण शून्य नाही. म्हणून सरकारी केंद्रात एका टेस्टवर कुणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, तीन वेगवेगळ्या टेस्ट होतात. बाथरूममध्ये एकटं असताना दोन रेघा दिसल्या तर हे आठवा. तो निकाल नाही, पुढच्या टेस्टची चिठ्ठी आहे. आणि पुढे खरंच निघालं तरी रोज एक गोळी, सरकारी एआरटी केंद्रात फुकट, आणि व्हायरस रक्तात सापडेनासा होऊन तसाच राहिला तर सेक्समधून जोडीदाराला लागण होत नाही.

मी शेवटी १०९७ ला फोन केला. टोल फ्री आहे. तिथून सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीत गेलो. मला वाटलं होतं ओरडा बसेल. समुपदेशक ताईंनी पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “घाम पुसा आधी.” तुमची संमती घेतल्याशिवाय टेस्ट नाही आणि रिझल्ट गुप्त, हा २०१७ चा कायदा आहे, ताईंचा चांगुलपणा नाही. ताई चांगल्या होत्या ते वेगळं. त्यांनीच विचारलं, “फक्त एचआयव्हीचीच काळजी आहे का?”

होती खरी. मला काहीच त्रास नव्हता ना. पण क्लॅमिडिया बहुतेक वेळा गुपचूप बसतो. मुलींमध्ये तो वर चढून गर्भनलिकांना इजा करू शकतो, पुढे मूल होण्यात अडचण येते. त्याला रक्ताचं किट चालत नाही. मुलांची लघवी तपासतात, मुलींचा योनीतला स्वॅब, तो स्वतः घेता येतो. आणि इथे एक गंमत. एरवी लॅबवाले म्हणतात ना, सुरुवातीची सोडा, मधली लघवी द्या? इथे नेमकी सुरुवातीचीच हवी, आणि त्याआधी किमान तासभर गेलेलं नको. ओरल किंवा ॲनल सेक्स असेल तर घशाचा, गुदद्वाराचा स्वॅब वेगळा लागतो, लघवीत ते दिसत नाही.

लॅबच्या ॲपवरून बुक केलं, घरून नेतात म्हणून. आणि घोळ इथे झाला. ॲपवरचं अकाउंट बाबांच्या नंबरचं होतं, त्यांच्या शुगरसाठी उघडलेलं. रिपोर्टची पीडीएफ बाबांच्या व्हॉट्सॲपवर गेली. पॉझिटिव्ह. त्यांनी ती मला फॉरवर्ड केली, वर एक शब्द नाही. रात्री गॅलरीत आले, म्हणाले, “डॉक्टरकडे गेलास का?” मी म्हटलं, उद्या जातो. “जा.” एवढंच. आमच्यात त्यावर पुन्हा बोलणं झालेलं नाही. पण प्रत्येकाचे बाबा असे नसतात, तेव्हा बुक करण्याआधी नंबर आणि ईमेल कुणाचा टाकलाय ते बघा.

औषध सोपं निघालं. डॉक्सिसायक्लिन, सात दिवस, आणि तेवढे दिवस सेक्स बंद. केमिस्टला विचारून घेऊ नका. गनोरिया असेल तर ती गोळी पुरेशी नाही, आणि पोटात बाळ असेल तर ती देतच नाहीत.

खरा अवघड भाग फोन होता. तिला सांगायचा. आम्ही एव्हाना बोलतही नव्हतो फारसं. तिने माझ्यामुळे की मला तिच्यामुळे, हे टेस्टमधून कळत नाही. मी चार वेळा नंबर लावून कट केला. पाचव्यांदा तिनेच उलटा फोन केला. मी एका दमात सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मी हॉस्टेलवर राहते. माझी पार्सलं वॉर्डन उघडते.” मग, “तू येशील का सोबत?”

शनिवारी त्याच सरकारी हॉस्पिटलात गेलो, सुरक्षा क्लिनिकला. ओपीडीची रांग लांब होती. आम्ही दोन तास बाकावर बसून तिच्या फोनवर एक इयरफोन तुला, एक मला करून मॅच ऐकली. तीन महिने झाल्यावर माझी एचआयव्हीची टेस्ट परत केली, निगेटिव्ह. या वेळी दोन वडापाव तिने दिले.

चला, नंबर पुन्हा सांगतो, १०९७. प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, नाव नका सांगू.