दारापुढील चौक

वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील ह्या वाड्यांत एकामागून एक चौक येतात. चौकांत पाऊल टाकणाऱ्यास प्रथम जाणवते ती प्रमाणबद्धता: बाजू सरळ, मध्यभाग मोकळा, वर आकाश. सातारा किंवा सांगली येथें घरापुढें दहाबारा हात आंगण उरलें असेल व त्याची रीतसर बाग करावयाची असेल, तर गृहस्थानें विलायती पुस्तकें चाळण्याआधीं हे चौक पाहून यावे.

जागा लहान म्हणून झाडें दाटीनें लावावीं, अशी पुष्कळांची समजूत असते. परिणामीं आंगणाचें कुंड्यांचें दुकान होतें. अशा बागेचा जीव झाडांपेक्षां रेघेंत असतो. उंबऱ्याच्या मध्यापासून समोर दोरी ताणावी. हाच बागेचा कणा. तिला काटकोन काढण्यास यंत्र नको. तीन, चार व पांच हात बाजूंचा त्रिकोण दोरीनें ताणला कीं काटकोन बिनचूक मिळतो. गवंड्यास हें ठाऊक असतें. शाळेंत भूमिति शिकलेल्या यजमानास मात्र पुष्कळदां आठवत नाहीं! ह्या कण्यावर, आंगणाच्या मध्यास, एकच वस्तु असावी. तुळशीवृंदावनाहून योग्य वस्तु आपल्याकडे दुसरी नाहीं.

इथवर दोन्ही गांवीं सारखेंच. फरक पडतो तो जमिनींत. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं वसलेलें. पुष्कळ ठिकाणीं थोड्याच मातीखालीं मुरूम लागतो, आणि पावसाळ्यांत उतारावरील माती रस्त्यावर येते. तेथें खालच्या कडेस दगडी बांध घालून आंगण सपाट करावें, व झाडांसाठीं दोन हात खोल चर खणून त्यांत शेणखत मिसळलेली माती भरावी. सांगलीस उलट प्रकार. कृष्णाकांठची काळी जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर थेट बसविलेली फरशी लवकरच वरखालीं होते. म्हणून हातभर काळी माती काढून मुरूम व खडी भरावी, धुम्मसानें ठोकावी, मगच दगड बसवावे. २००५ व २०१९ सालीं कृष्णेचें पाणी सांगलीच्या घरांत शिरलें होतें. नदीकडील वस्तींत वृंदावनाचा चौथरा दगडी व पक्काच हवा.

मोटार उभी करतां यावी म्हणून सारें आंगण सिमेंटानें झांकण्याची चाल आतां वाढली आहे. वास्तविक मोटारीस चाकांपुरत्या दोन दगडी पट्ट्या पुरतात. झांकलेल्या आंगणांतील पाऊस गटारांत जातो, आणि वैशाखांत त्याच घरीं विहीर आटल्याची तक्रार ऐकूं येते. फरशीच्या सांध्यांत वाळू भरावी. पांच फुटांस एक इंच उतार द्यावा, पण तो वाफ्याकडे.

वाफ्याच्या कडेस कुंती लावावी. ती कात्री सोसते आणि तिचीं पांढरीं फुलें सुगंधी असतात. कोपऱ्यांत अनंत किंवा तगर. मात्र डावीकडे जें, तेंच उजवीकडे. कुंतीचीं रोपें मृगाच्या पावसांत हातभर अंतरानें लावावीं व आरंभापासून शेंडे खुडावे. कापतांना कुंपण वर अरुंद, खालीं किंचित रुंद ठेवावें. नाहींतर खालचीं पानें उन्हावांचून झडतात. उंची गुडघ्याइतकी पुरे. त्याहून वाढूं दिली, तर ओसरीवर बसलेल्यास आंगणाची पलीकडची कड दिसत नाहीं आणि आंगण आहे त्याहून लहान वाटूं लागतें.